सूचिपर्णी वृक्षांचे कोंब वसंतात नेमक्या कोणत्या तापमानाला फुटतात, आणि ते प्रदेशागणिक का बदलते?

ऋतुपर्ण (धागाकर्ता)

नमस्कार. सकाळी टेकडीवर फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत सध्या एका प्रश्नावरून दोन तट पडले आहेत. पुण्यात बसून स्प्रूस आणि डग्लस फर यांच्यावर वाद घालणे हास्यास्पद वाटेल याची मला कल्पना आहे, तरीही तो प्रश्न येथे मांडतो, कारण या संस्थळावर वनशास्त्र, हवामान आणि बागायती या तिन्ही क्षेत्रांतील जाणकार आहेत.

थंड प्रदेशांतील स्प्रूस, फर यांसारखे वृक्ष हिवाळ्यापूर्वी वाढ थांबवतात. फांदीच्या टोकाशी खवल्यांनी झाकलेले मुकुल तयार होते आणि पुढच्या वर्षीच्या सुईसारख्या पानांचे अंकुर आदल्या हंगामातच त्यात रचलेले असतात. वसंतात ऊब आली की खवले सुटतात आणि हिरवा कोंब बाहेर पडतो. इथपर्यंत सर्वांचे एकमत आहे.

अडचण पुढे आहे. युरोपातील नॉर्वे स्प्रूस हा वृक्ष त्याच्या मूळ जागी पाहिला, तर उत्तरेकडच्या लॅपलंडमध्ये तो पोलंडपेक्षा कित्येक आठवडे उशिरा फुटतो. परंतु दोन्हीकडचे बी आणून एकाच शेतात शेजारी शेजारी लावले, तर लॅपलंडची रोपे आधी फुटतात आणि पोलंडची मागाहून. आमच्यापैकी काहींचे म्हणणे असे की जात एकच आहे, तेव्हा कोंब फुटण्याचे तापमानही एकच असले पाहिजे, आणि शेतातील फरक हा मातीचा किंवा निगराणीचा असणार. मला हे पटत नाही. ‘तापमान वाढले की झाडे लवकर फुटतात’ हे विधानच अपुरे आहे असे माझे मत आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पेठेतला एक

पुणेकर पारा चौदावर आला की कानटोपी चढवतो आणि त्याच पाऱ्याला शिमल्याचा मनुष्य स्वेटर उतरवतो. जात एकच आहे, बीजस्रोत वेगळा आहे. माझ्या दृष्टीने धागा येथेच संपला.

वेताळटेकडी

पेठेतल्यांचा विनोद बाजूला ठेवून मूळ कल्पनेपासून सुरुवात करतो. झाड एखाद्या दिवसाचे तापमान पाहून फुटत नाही, ते उबेची बेरीज करते. ही कल्पना फ्रान्सच्या रेओम्यूर यांनी १७३५ मध्ये मांडली होती, म्हणजे ती आपल्या पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या काळातील आहे. आजची पद्धत अशी की एक पायाभूत तापमान धरायचे (उत्तरेकडच्या वनवृक्षांसाठी बहुधा ५ अंश सेल्सिअस), दिवसाच्या सरासरीतून ते वजा करायचे आणि उरलेले अंश रोज मिळवत जायचे. सरासरी १२ अंश असलेला दिवस ७ डिग्री-दिवस देतो, ४ अंशांचा दिवस काहीच देत नाही. ठरावीक बेरीज झाली की मुकुल फुटते.

त्यामुळे ‘नेमके कोणते तापमान’ असे विचारण्याऐवजी ‘किती बेरीज’ असे विचारले पाहिजे, आणि मला वाटते की ती बेरीजच प्रदेशागणिक वेगळी असावी.

डोळस बागायतदार

मी मूळचा तासगावचा, आता मुलाकडे हडपसरला असतो. सूचिपर्णी वृक्षांतले मला काही कळत नाही, पण डोळे, म्हणजे वेलीची मुकुले, फुटण्याचे थोडे कळते.

वेताळटेकडी यांनी केवळ उबेचा हिशेब मांडला आहे, तो अर्धा आहे. द्राक्षाची वेल मूळची थंड हिवाळ्याच्या प्रदेशातली. तिकडे हिवाळाभर थंडी खाऊन झाल्यावर सगळे डोळे एकदम फुटतात. आपल्याकडे ती थंडी मिळत नाही, म्हणून ऑक्टोबरची फळछाटणी झाली की आम्ही काडीच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड या रसायनाचे पेस्टिंग करतो, म्हणजे ते डोळे फुटावेत म्हणून चोपडतो. ते केले नाही, तर टोकाचे डोळे पुढे पळतात, खालचे झोपून राहतात आणि पोंगा अवस्था, म्हणजे डोळ्यातून कोवळा कोंब डोकावण्याची वेळ, सगळीकडे एका वेळी येत नाही. ऊब भरपूर असते, पण आधीची थंडी चुकलेली असते. तुमच्या स्प्रूसलाही थंडीचे तास लागत असतीलच की.

सूचिपर्णी

डोळस काकांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. मी वनशास्त्राची विद्यार्थिनी होते आणि याच विषयाशी काही वर्षे संबंध आला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हिवाळ्यात मुकुलाच्या दोन अवस्था असतात. पहिल्या अवस्थेत त्याला कितीही ऊब दिली तरी ते फुटत नाही किंवा फार रेंगाळत फुटते, कारण अडथळा आतून असतो. हा अडथळा थंडीने हळूहळू दूर होतो. दुसऱ्या अवस्थेत मुकुल आतून मोकळे झालेले असते आणि केवळ बाहेर गारठा आहे म्हणून थांबलेले असते. वेताळटेकडी म्हणतात ती उबेची बेरीज या दुसऱ्या अवस्थेत खऱ्या अर्थाने कामाला येते.

थंडी म्हणजे किती थंडी, यावर बराच खल झाला आहे. फळबागांत प्रचलित असलेली ७.२ अंशांची मर्यादा ही ४५ अंश फॅरनहाइटचे रूपांतर आहे आणि ती १९५० च्या सुमारास अमेरिकेत पीचच्या अभ्यासातून रूढ झाली. फिनलंडच्या रिस्टो सार्वास यांनी १९७० च्या दशकात वनवृक्षांवर काम केले, तेव्हा शून्याच्या थोडे वर, साडेतीन अंशांच्या आसपास, थंडीचा परिणाम सर्वाधिक होतो असे त्यांना आढळले. गोठणबिंदूच्या बरेच खाली हा परिणाम ओसरतो. म्हणून उणे वीस अंशांची रात्र आपल्याला जास्त थंड वाटली, तरी झाडाच्या वहीत ती फारशी जमा होत नाही, ३–५ अंशांची दमट, कंटाळवाणी रात्र मात्र पूर्ण जमा होते.

आता या दोहोंचा संबंध. स्कॉटलंडमध्ये मेल्व्हिन कॅनेल आणि स्मिथ यांनी १९८३ मध्ये सिटका स्प्रूसवर प्रसिद्ध केलेल्या कामात असे दिसले की थंडीचे दिवस जितके अधिक मिळतात, तितकी फुटण्यासाठी लागणारी उबेची बेरीज कमी होत जाते. ही घट सरळ रेषेत होत नाही. सुरुवातीच्या थंडीने ती झपाट्याने उतरते आणि पुढे सपाट होते. म्हणजे झाडापुढे ‘इतके तास थंडी, मग इतकी ऊब’ असा एकच करार नसतो, थंडी कमी मिळाली तर जास्त ऊब देऊन सौदा भागवता येतो.

प्रदेशागणिक बदलते ती या वक्राची जागा आणि त्याचा उतार.

औंधकर

सूचिपर्णी ताई, माहिती उत्तम आहे, पण धागाकर्त्याच्या कोड्याला ती उलटी लागू पडते असे वाटते. लॅपलंडचे झाड सर्वांत कडक हिवाळा सोसते. तेव्हा त्याची थंडीची गरज सर्वांत मोठी असायला हवी, आणि पोलंडच्या सौम्य हिवाळ्यात ती भागली नाही म्हणून ते तेथे उशिरा फुटायला हवे. प्रत्यक्षात ते आधी फुटते. मग थंडीचा सिद्धांत कोठे गेला?

सूचिपर्णी

औंधकर, ‘कडक हिवाळ्याच्या प्रदेशातील झाडाला जास्त थंडी लागते’ हे आपण गृहीत धरले आहे, आणि वनवृक्षांत ते सरसकट खरे नाही. लॅपलंडमध्ये शरदातच पारा खाली येतो आणि महिनोन्‌महिने तेथेच राहतो. पोलंडचा हिवाळाही स्प्रूसची थंडीची गरज भागवण्यास पुरेसा आहे. त्यामुळे त्या दोघांत थंडी हा निर्णायक घटक उरतच नाही.

लॅपलंडमध्ये दुर्मीळ असते ती ऊब. उन्हाळा इतका आखूड की कोंब फुटणे, लांबणे, लाकूड पक्के होणे आणि नवे मुकुल रचणे हे सर्व काही आठवड्यांत उरकावे लागते. तेथे उबेची मोठी बेरीज मागणारे झाड मागे पडते. म्हणून उत्तरेकडील आणि उंचावरील बीजस्रोत थोड्या उबेवर फुटतात. त्यांना दक्षिणेकडच्या शेतात आणले, की एप्रिलच्या फसव्या उन्हाला ते फुटतात आणि मागाहून पारा शून्याखाली गेला की कोवळे कोंब काळे पडतात. हिवाळ्यात उणे चाळीसलाही न बधणारे हे झाड, कोंब फुटल्यावर मात्र शून्याखालच्या तीन-चार अंशांना बळी पडते.

याचा व्यवहारात उपयोगही झाला आहे. दक्षिण स्वीडनमध्ये स्थानिक बियांऐवजी बेलारूसकडील नॉर्वे स्प्रूसचे बी मोठ्या प्रमाणावर वापरले गेले, कारण ती रोपे उशिरा फुटतात आणि वसंतातील उशिराचा कडाका चुकवतात.

गणिती

औंधकर आणि धागाकर्ते यांच्या समाधानासाठी एक कल्पित हिशेब मांडतो. आकडे माझ्या मनाचे आहेत, त्यांना मोजमाप समजू नये.

उत्तरेकडील ‘उ’ या बीजस्रोताला १०० डिग्री-दिवस लागतात आणि दक्षिणेकडील ‘द’ ला १६० लागतात असे धरा. दक्षिणेच्या शेतात ५ एप्रिलपासून रोज ४ डिग्री-दिवस जमतात. ‘उ’ २५ दिवसांनी, म्हणजे ३० एप्रिलला फुटेल, आणि ‘द’ ४० दिवसांनी, १५ मे रोजी. उत्तरेत ऊब २० मेपासून सुरू होते आणि दिवस मोठे असल्याने रोज ५ जमतात असे धरू. तेथे ‘उ’ ९ जूनला फुटेल आणि ‘द’ २१ जूनला.

आता पाहा. दोन्ही शेतांत ‘उ’ आधी आहे. परंतु आपापल्या मूळ जागी पाहिले तर ‘द’ १५ मेला फुटतो आणि ‘उ’ ९ जूनला. जंगलात दिसणारा क्रम आणि शेतात दिसणारा क्रम एकमेकांच्या उलट असूनही दोन्ही खरे आहेत, कारण जंगलात हवामान आणि वंश असे दोन्ही बदलतात, शेतात फक्त वंश बदलतो. उत्तरेत ‘द’ ला आखूड उन्हाळ्यातले बारा दिवस गमवावे लागतात आणि दक्षिणेत ‘उ’ पंधरा दिवस अधिक धोक्यात उभा राहतो. निवड ही या दोन तोट्यांतून होते.

वेताळटेकडी

गणिती यांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला आहे. धागाकर्त्याच्या टेकडीवरील दोन्ही तटांना तो छापून द्यावा.

कैलास पथिक

आपल्या देशातील झाडांविषयी कोणीच बोलत नाही म्हणून लिहितो. पश्चिम हिमालयात चढत गेले, की खाली चीड, साधारण १,८०० ते ३,००० मीटरांच्या पट्ट्यात देवदार आणि त्याच्या वरच्या भागात राई म्हणजे तिकडचा स्प्रूस व तोष म्हणजे फर, असा क्रम लागतो. वसंतात खालच्या देवदारांवर फिकट पोपटी सुया आलेल्या असतात, तेव्हा वरच्या उतारांवर अजून काहीच हालचाल नसते. अमेरिकेच्या अँड्र्यू हॉपकिन्स यांनी १९१८ मध्ये नियम दिला होता की दर ४०० फूट चढाईला आणि दर एका अक्षांशाला वसंत चार दिवस मागे पडतो. हा नियम हिमालयात लावला तर एका बाजूने सगळा हिशेब सुटतो असे मला वाटते. वंश वगैरे भानगडीत पडायचे कारण काय?

वेधशाळाकर

कैलास पथिक, हॉपकिन्स यांचा नियम हा जंगलातील सरासरी चित्राचे वर्णन आहे, त्यातून कारण सापडत नाही. शिवाय तो अमेरिकेतील निरीक्षणांवर बेतलेला आहे. डोंगरात तापमान दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते हे पाठ्यपुस्तकात ठीक आहे, पण हिवाळ्यातील निरभ्र, शांत रात्री थंड हवा जड होऊन दरीत साचते आणि तळ हा उतारापेक्षा थंड होतो. अशा वेळी दरीतल्या झाडाला उतारावरील झाडापेक्षा थंडीचे तास वेगळ्या हिशेबाने मिळतात, आणि वसंतात कोवळे कोंब जळण्याचा धोकाही तेथेच जास्त असतो.

पुणेकरांना हे सांगण्याची गरज नसावी. जानेवारीत वर्तमानपत्रातील किमान तापमानाचे रकाने पाहा. पाषाण किंवा एनडीएचा आकडा आणि लोहगावचा आकडा यांत कित्येकदा काही अंशांचे अंतर असते, आणि ही ठिकाणे एकाच शहरात आहेत. ‘पुण्याचे तापमान’ म्हणून एक आकडा देणे जितके धाडसाचे आहे, तितकेच ‘कुलूच्या देवदाराचे तापमान’ म्हणून एक आकडा देणे.

आणखी एक बारकावा. वेधशाळेतील तापमापक पांढऱ्या झडपांच्या पेटीत जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर, सावलीत असतो. मुकुल तसे नसते. उन्हात ते हवेपेक्षा गरम होते, निरभ्र रात्री हवेपेक्षा गार होते, आणि बर्फाखाली गाडलेल्या लहान रोपाचे मुकुल शून्याच्या आसपास सुखाने पडून राहते. संशोधनातील पुष्कळसा गोंधळ जवळच्या वेधशाळेचा आकडा झाडाच्या नावावर खपवल्यामुळे होतो.

अवांतर: शिवाजीनगरच्या आमच्या इमारतीला जुने लोक सिमला ऑफिस म्हणतात, कारण हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आले.

पेठेतला एक

मुख्यालय आणले, पण येताना एखादा देवदार घेऊन यायचे मात्र राहून गेले. आता सिमला ऑफिसच्या चौकात जो काही वसंत येतो, तो सिग्नल हिरवा झाल्यावरच येतो.

मृण्मयी

देवदार आणला असता तरी त्याला येथे थंडीचे तास मिळाले असते का, हाच तर प्रश्न आहे. वरील प्रतिसादांवरून मला एक शंका आली. आमच्या सोसायटीत ख्रिसमस ट्री म्हणून लावलेले उंच, थरांथरांचे झाड आहे. त्यावर वसंतात ठरावीक वेळी कोंब फुटताना मी पाहिलेले नाही. तसेच कोकणात किनाऱ्यावर लावलेले सुरू हेही याच वर्गातील का?

सूचिपर्णी

मृण्मयी, सोसायट्यांतील ते झाड बहुधा अरौकारिया, म्हणजे दक्षिण गोलार्धातील सूचिपर्णी वृक्ष आहे. त्याचा प्रदेश सौम्य हवामानाचा असल्याने स्प्रूससारखे खवल्यांचे हिवाळी मुकुल त्याला नसते, आणि मुकुलच नसल्याने ते फुटण्याचा ठरावीक मुहूर्तही नसतो. हवा मानवली की ते वाढते, नाही मानवली की मंदावते. सुरूची पाने दुरून सुयांसारखी दिसत असली तरी तो सपुष्प वृक्ष आहे, त्याचा या चर्चेशी संबंध नाही. आपल्या द्वीपकल्पात नैसर्गिकपणे वाढणारा या वर्गातील वृक्ष म्हणजे नागेया वालिचियाना, तोही दक्षिणेकडच्या सह्याद्रीत, आणि गंमत म्हणजे त्याची पाने चांगली रुंद असतात.

कैलास पथिक यांच्यासाठी: चीड आणि राई यांची तुलना करताना हेही लक्षात ठेवावे की हिमालयात वसंतानंतर लगेच कोरडा उन्हाळा येतो आणि पाऊस जूनच्या अखेरीस. उशिरा फुटण्याचा तोटा तेथे केवळ आखूड हंगामाचा नाही, ओलावा संपण्याचाही आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील डग्लस फरमध्येही हे दिसते. ज्या भागांत उन्हाळा कोरडा असतो, तेथील बीजस्रोत लवकर फुटण्याकडे झुकलेले असतात. अंतर्भागातील डग्लस फर तर किनाऱ्यावरच्या डग्लस फरपेक्षा एकाच शेतात सहसा आधी फुटतो. किनाऱ्यावर हिवाळाभर पारा शून्याच्या वरच घुटमळतो आणि फेब्रुवारीत उबदार दिवस येऊन जातात. तेथे थोड्या उबेवर फसणारे झाड टिकले नसते.

शर्वरी

मग तापमानवाढीचे काय? वर्तमानपत्रांत सरसकट असे लिहिले जाते की वसंत दरवर्षी पुढे सरकत आहे आणि झाडे आणखी लवकर फुटणार. या चर्चेनंतर मला ते पूर्णपणे खरे वाटेनासे झाले आहे.

सूचिपर्णी

थंड भागांत ते खरे आहे. तेथे थंडी अजून मुबलक आहे, त्यामुळे वाढलेली प्रत्येक ऊब थेट तारीख अलीकडे आणते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात एका दलदलीच्या वनात काळा स्प्रूस आणि टॅमरॅक लार्च यांच्याभोवती उघड्या छताचे मोठे कक्ष उभारून हवा व जमीन शून्यापासून ९ अंशांपर्यंत वेगवेगळ्या प्रमाणात तापवली आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जितके अंश वाढले, तितकी हिरवाई लवकर आली. पण २०१६ च्या वसंतात लवकर जागी झालेली झाडे नंतरच्या थंडीत होरपळली.

प्रदेशाच्या उबदार टोकाला चित्र वेगळे आहे. किनारी डग्लस फरच्या दक्षिणेकडच्या आणि सखल भागांत हिवाळे आणखी सौम्य झाले, तर थंडीचा हिशेब अपुरा पडेल आणि सौदा भागवण्यासाठी जास्त ऊब लागेल. तेथील कोंब पुढे सरकण्याऐवजी मागे पडू शकतात, असे प्रारूपे सांगतात. एकाच जातीच्या उत्तरेकडील झाडांची तारीख अलीकडे आणि दक्षिणेकडील झाडांची पलीकडे, असे एकाच तापमानवाढीने घडू शकते.

औंधकर

दिवसाची लांबी कोणीच विचारात घेतलेली नाही. शाळेत आम्हाला शिकवले होते की झाडे दिवसाच्या लांबीवरून ऋतू ओळखतात, तापमान लहरी असते, सूर्य नसतो.

वेताळटेकडी

शरदासाठी ते बरोबर आहे. स्प्रूससारख्या वृक्षांत वाढ आवरून मुकुल बंद करण्याचा निर्णय मुख्यतः लांबत जाणाऱ्या रात्रींवर होतो, आणि म्हणून तो अक्षांशानुसार बदलतो. वसंतातील निर्णय प्रामुख्याने तापमानावर होतो. थंडी अपुरी पडली असेल तर मोठे दिवस थोडी भरपाई करतात, पण मिनेसोटाच्या प्रयोगात इतकी उष्णता देऊनही दिवसाच्या लांबीने झाडांना अडवून धरल्याचे दिसले नाही, हे बोलके आहे.

सूचिपर्णी

सहमत आहे. भर म्हणून, नॉर्वे स्प्रूसमध्ये एफटीएल२ नावाचे जनुक सापडले आहे. रात्री लांबू लागल्या की त्याची क्रिया वाढते आणि मुकुल बंद होते, वसंतात फुटण्याच्या सुमारास ती क्रिया घटते.

याहून विलक्षण गोष्ट नॉर्वेमधील आहे. तेथे उत्तरेकडील आणि उंचावरील निवडक स्प्रूस दक्षिणेकडच्या उबदार बीजबागांत आणून लावले, म्हणजे बी लवकर आणि भरपूर मिळावे. त्या बियांची रोपे आईवडिलांच्या मूळ प्रदेशातील झाडांसारखी न वागता दक्षिणेकडच्या झाडांसारखी वागू लागली, म्हणजे कोंब उशिरा फुटणे आणि वाढ उशिरा आवरणे. ऑइस्टाइन यॉन्सेन आणि तूरे स्क्रोप्पा यांनी याचा पाठपुरावा केला. त्यांना असे दिसले की बीजातील गर्भ तयार होत असतानाचे तापमान रोपाच्या पुढील वेळापत्रकावर उमटते.

औंधकर

हे मला लामार्कवादासारखे, म्हणजे हयातीत कमावलेले गुण संततीत उतरतात या जुन्या मतासारखे वाटते. बीजबागेत शेजारच्या स्थानिक स्प्रूसचे पराग आले असतील आणि संकर झाला असेल, इतके साधे स्पष्टीकरण का पुरू नये?

सूचिपर्णी

शंका रास्त आहे, आणि ती संशोधकांनाही आली होती. म्हणून त्यांनी ठरवून परागण केलेले, तेच आईबाप असलेले बी वेगवेगळ्या तापमानांत पिकवून पाहिले, आणि फरक तरीही उरला. पुढे तर एकाच गर्भापासून प्रयोगशाळेत वाढवलेले, म्हणजे जनुकीयदृष्ट्या एकसारखे गर्भ १८ ते २८ अंशांच्या दरम्यान निरनिराळ्या तापमानांत ठेवले. उबेत वाढलेल्या गर्भांची रोपे मुकुल उशिरा बंद करणारी निघाली. येथे परागाचा प्रश्नच येत नाही. हे लामार्कचे पुनरागमन मानण्याचे कारण नाही, जनुकांचा क्रम तोच राहतो, त्यांपैकी कोणती किती चालतील याची मांडणी बदलते.

यातून रोपवाटिकांसाठी एक अडचणीचा निष्कर्ष निघतो. ‘हे बी अमुक जंगलातील झाडांचे आहे’ एवढे लिहून भागत नाही, ते कोणत्या उन्हाळ्यात आणि कोठे पिकले हेही लिहावे लागते.

डोळस बागायतदार

आमच्याकडे काडी कोणत्या बागेतली आणि तिने आधीचा उन्हाळा कसा काढला, हे विचारल्याशिवाय कोणी कलम बांधत नाही. वनखात्यांनीही विचारावे.

ऋतुपर्ण (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमच्या टेकडीवरील वादापुरते बोलायचे, तर ‘जात एक म्हणून तापमान एक’ हा पक्ष टिकत नाही, आणि फरक मातीचा असेल ही शक्यताही गणिती यांच्या मांडणीने मावळते, कारण शेजारच्या ओळींत माती एकच असते. कोठलेही तापमान सांगताना निदान तीन गोष्टी बरोबर सांगाव्या लागतील असे मला आता वाटते: बी कोठले, हिवाळा किती मिळाला आणि तापमापक कोठे टांगला होता.

माझा पुतण्या शिमल्याजवळ नोकरीस आहे. देवदारावर किंवा राईवर त्याला घरच्या घरी काही करून पाहता येईल का?

सूचिपर्णी

अवश्य. ही जुनी आणि स्वस्त पद्धत आहे. नोव्हेंबरअखेरपासून ठरावीक अंतराने त्याच त्या झाडांच्या लहान फांद्या कापून, पाण्यात ठेवून, उबदार आणि उजेडाच्या खोलीत आणायच्या आणि मुकुल फुटायला किती दिवस लागतात ते लिहायचे. नोव्हेंबरची फांदी फार दिवस घेते किंवा फुटतच नाही, आणि फेब्रुवारीची थोड्या दिवसांत फुटते. हे दिवस कमी होण्याचे थांबले, की त्या झाडाची थंडीची गरज भागली असे समजायचे. दोन वेगळ्या उंचींवरील झाडे घेतली तर वक्र वेगळे येतात का तेही दिसेल. मात्र ती तुलना वंशाची आहे असे म्हणू नये, कारण दोन्ही झाडांचा त्या वर्षीचा हिवाळाही वेगळा असेल. वंशाचा प्रश्न सोडवायला दोन्हीकडचे बी एका वाफ्यात लावावे लागेल, आणि त्याला काही वर्षे जातील.

पेठेतला एक

आणि फांद्या कापण्यापूर्वी वनखात्याची लेखी परवानगी घ्यावी, नाहीतर पुतण्याला थंडीचे तास वेगळ्याच खोलीत मोजावे लागतील.

डोळस बागायतदार

पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावे आणि प्रत्येक वेळी काडीचे बूड बोटभर तिरके कापावे. कापलेला भाग बुळबुळीत झाला की पाणी वर चढत नाही, काडी सुकते, आणि डोळा थंडीअभावी फुटला नाही असा उगाच निष्कर्ष निघतो.

वेधशाळाकर

फांद्या आणण्याच्या जागी, त्याच उंचीवर, सावलीत एक कमाल-किमान तापमापक टांगावा आणि तो रोज एकाच वेळी वाचून लगेच पूर्ववत करावा. सकाळी आठ-साडेआठची वेळ धरल्यास किमान आकडा त्याच पहाटेचा आणि कमाल आकडा आदल्या दुपारचा असतो. वहीत ते दोन्ही एकाच तारखेखाली लिहिण्याची चूक फार जण करतात आणि मग डिग्री-दिवसांची बेरीज एका दिवसाने सरकते.